चौथीचा मुक्काम

माझ्या मावशीने उभा जन्म चौथीपर्यंतच्या शाळेत घालवला आणि मी पाचवीच्या पुढच्या मुलांना गणित शिकवते. त्यामुळे आमच्या घरात कायमचे दोन तट. मी सुट्टीत तिच्याकडे गेले की ती दारातूनच म्हणायची, "या, वरच्या मजल्याच्या बाई, या. आम्ही आपले खालचे. आम्ही नाकं पुसतो, तुम्ही डोकी घडवा."

मजल्यांचा हा टोमणा शिक्षण कार्यालयावरून आला होता. आमच्या शहरात हे कार्यालय एका जुन्या दुमजली इमारतीत आहे. तळमजला प्राथमिकचा. पहिली ते चौथीच्या सगळ्या शाळा नगरपालिकेच्या, शिक्षक तिचे, फळे तिचे, झाडूसुद्धा तिचा. वरचा मजला माध्यमिकचा, म्हणजे पाचवी ते दहावी, आणि तो थेट सरकारी खात्याचा. दोन्ही मजल्यांचे साहेब वेगळे, शिक्के वेगळे आणि एकमेकांविषयीचं मत मात्र एकच. मूल चौथीत असेपर्यंत खालच्या मजल्याचं असतं आणि पाचवीत गेलं की वरच्या मजल्याचं होतं. चौथी संपून पाचवी सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत ते नेमकं कोणाचं असतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलेलं नाही. मावशीची एक विद्यार्थिनी, टिटवी, त्या मधल्या फटीत पडली.

मावशीची शाळा काच कारखान्याच्या वसाहतीत होती. कारखाना चालू होता तेव्हा वर्गात बसायला जागा नसायची, मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसून पाढे म्हणायची. मग कारखाना बंद पडला. एकेक कुटुंब सामान बांधून निघून गेलं आणि एकसारख्या दिसणाऱ्या त्या चाळींमध्ये कुलपांची संख्या वाढत गेली. शाळेच्या चार खोल्यांपैकी दोन बंद झाल्या. दुसऱ्या शिक्षिकेची बदली झाली. शेवटी मावशी एकटीच एका खोलीत पहिली-दुसरी आणि शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी बसवून मधल्या दारात उभी राहून दोन्हीकडे शिकवायची. मुलं तिला मोठ्या बाई म्हणायची. धाकट्या बाई कोणी उरल्याच नव्हत्या, तरी ती मोठ्या बाईच राहिली.

नगरपालिकेचा नियम असा की वीसपेक्षा कमी मुलं झाली तर शाळा बंद. मुलं जवळच्या दुसऱ्या शाळेत पाठवायची. ही जवळची शाळा नकाशावर खरंच जवळ होती. मध्ये फक्त मालट्रकांचा रस्ता होता. दगडखाणीकडे जाणारे ट्रक त्या रस्त्याने दिवसभर धुरळा उडवत जायचे. मोठी माणसंसुद्धा तो रस्ता जीव मुठीत धरून ओलांडायची, तर सहा वर्षांच्या पोरांना कोण पाठवणार? मावशीला पक्कं ठाऊक होतं की शाळा बंद झाली तर निम्मी मुलं घरी बसतील. म्हणून दर वर्षी ती डोळ्यांत तेल घालून आकडा राखायची.

आकडा राखायची लहान शाळांची एक जुनी रीत होती. तिला या बाया-मास्तरांच्या भाषेत 'मुक्काम' म्हणत. एखादं मूल कमी पडत असलं की चौथी पास झालेल्या एका हुशार मुलाला आणखी एक वर्ष चौथीतच ठेवायचं. हुशारच हवं, कारण त्या वर्षात त्याला बाजूला बसवून पाचवीची पुस्तकं शिकवून संपवायची असत. पुढच्या वर्षी माध्यमिकचे मुख्याध्यापक त्याची तोंडी परीक्षा घेत आणि सरळ सहावीत बसवत. मुलाचं वर्ष वाचे आणि शाळाही वाचे. कागदावर 'नापास' लिहावं लागे, पण त्या कागदाकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. सगळ्यांना माहीत होतं, साहेबांनासुद्धा. आपल्याकडे अर्धी कामं नियमाने चालतात आणि उरलेली अर्धी नियमाकडे पाठ केल्यामुळे चालतात.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी चौथीची मुलं निघून गेल्यावर आकडा एकोणीसवर येत होता.

चौथीत एक मुलगी होती, तिला मावशी टिटवी म्हणायची. आवाज तसाच कर्कश, आणि बोलायला लागली की थांबत नसे. पण नाव पडलं ते वेगळ्याच कारणाने. एकदा भागाकाराचं एक लांबलचक उदाहरण सगळ्यांनी सोडून दिलं आणि ही सुट्टी झाली तरी उठेना. मावशीने दार लावायला घेतलं तेव्हा तिने पाटी पुढे केली, उत्तर बरोबर. मावशी म्हणाली, "टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात, ते खोटं नाही ग!" तिचे वडील कारखाना बंद झाल्यावर कामाच्या शोधात गेले ते गेलेच. आई बसडेपोत गाड्या धुवायची.

मुक्कामाला ठेवायचं तर टिटवीच, हे मावशीने मनात पक्कं केलं. मला फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला सावध केलं होतं. वरच्या मजल्यावर बोलणं चालू होतं की आता प्रवेश कंप्युटरवरून होणार, मुख्याध्यापकांच्या हातात काही राहणार नाही.

मावशी हसली. "अगं, नियम येतात आणि जातात. जोडशाळेचा मुख्याध्यापक माझ्या हाताखाली अ-आ-ई शिकलाय. तो मला नाही म्हणेल?"

जोडशाळा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक प्राथमिक शाळा एका माध्यमिक शाळेला जोडलेली असते. त्या प्राथमिकमधून पास झालेल्या मुलाची जागा त्याच्या जोडशाळेत राखलेली. दुसरीकडे कुठे मागायला गेलात तर जागा नाही.

डेपोतला प्रसंग मावशीने मला पुढे कितीतरी वेळा सांगितला. टिटवीची आई बसच्या चाकावर पाण्याची नळी धरून उभी होती. मावशीने तिला सगळं समजावलं.

"म्हणजे नापास लिहिणार?" आईने विचारलं.

"फक्त कागदावर. शिकणार ती पाचवीचंच. मी स्वतः शिकवते. पुढच्या वर्षी थेट सहावीत."

"पण नापास कशाला, बाई? पास झालीय ना ती?"

"शाळा राहावी म्हणून ग. लहान पोरांसाठी."

आईने नळी खाली टाकली, ओले हात पुसले आणि म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर बरोबरच असेल. मला त्यातलं काय कळतं?"

हे वाक्य ऐकलं की मला अजून चीड येते. आईची नाही. या वाक्यावर आमचा सगळा धंदा चाललाय, त्याची येते.

ते वर्ष टिटवीचं आनंदात गेलं, हेही सांगायला हवं. ती कोपऱ्यात वेगळ्या बाकावर बसून पाचवीची पुस्तकं वाचायची, आणि मावशी एका खोलीत असली की दुसऱ्या खोलीत पहिलीच्या पोरांकडून अक्षरं गिरवून घ्यायची. पोरांवर ओरडायची तेव्हा हुबेहूब मावशीसारखी कमरेवर हात ठेवायची. ओस पडलेल्या वसाहतीतल्या त्या शाळेत मी एकदा गेले होते, तेव्हा तिने मला अपूर्णांकाची बेरीज करून दाखवली आणि वर मलाच विचारलं, "तुम्ही खरंच गणिताच्या बाई आहात ना? मग एवढ्या हळू का सोडवता?"

नियम त्याच वर्षी आला. चौथीपर्यंत एकदा जरी नापास झालेलं मूल जोडशाळेत जाणार नाही, ते कामशाळेत जाईल. कामशाळेत शिलाई, धुलाई, सुतारकाम शिकवतात आणि आठवीला ती संपते. तिथून दहावीकडे जायला वाट नाही. परिपत्रक मावशीच्या शाळेत पोचलं, तिने वाचलं आणि इतर परिपत्रकांसारखं ठेवून दिलं. तिचा भरवसा माणसावर होता.

वर्ष संपल्यावर ती टिटवीला घेऊन जोडशाळेत गेली तेव्हा मुख्याध्यापकाने तिला खुर्ची दिली, चहा मागवला, पाया पडायचा तेवढा राहिला. टिटवीची परीक्षाही घेतली. उत्तरं ऐकून म्हणाला, "बाई, ही तर सातवीत बसेल." आणि मग कंप्युटरसमोर बसला. नाव घातलं की पडद्यावर कामशाळा यायचं. त्याने पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

"माझ्या हातात नाही हो आता," तो म्हणाला. "हे यंत्र काही तुमचा विद्यार्थी नाही."

टिटवी बाजूला उभी राहून सगळं पाहत होती. तिने विचारलं, "सर, मी चुकले का काही?"

त्या दिवसापासून मावशीची त्या दुमजली इमारतीत वारंवार ये-जा सुरू झाली. मी रजा काढून तिच्याबरोबर जायची. वरचे साहेब सज्जन होते. म्हणाले, "मुलीचा निकाल आम्ही बदलू शकत नाही. चौथी खालची. खालून दुरुस्ती आली की आम्ही लगेच प्रवेश देऊ." आम्ही जिना उतरलो. खालचे साहेब त्याहून सज्जन. त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई, मुक्काम मलाही माहीत आहे. मी स्वतः मास्तर होतो. पण दुरुस्ती म्हणजे तुम्ही लिहून देणार की मुलगी पास होती आणि तुम्ही मुद्दाम नापास दाखवली. म्हणजे मागच्या वर्षी तुमची मुलं किती?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"एकोणीस. म्हणजे शाळा खोट्या आकड्यावर चालली. मला ती बंद करावी लागेल आणि तुमच्यावर कारवाईही करावी लागेल. घरी जा, विचार करा. मी काही ऐकलेलं नाही."

बाहेर पडलो तर मावशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसली. लोक वळसा घालून जात होते.

"तू गणिताची," ती म्हणाली. "सांग मला. एका पारड्यात एकोणीस पोरं, दुसऱ्यात एक."

"हे गणित नाही, मावशी."

"नाहीच. गणित असतं तर मी कधीच चुकले नसते." मग म्हणाली, "एकोणीस जणांना रस्ता ओलांडायचाय. मी हात धरून पलीकडे नेईन, रोज. पण हिच्यापुढे तर भिंतच बांधलीय, आणि ती मी माझ्या हाताने बांधली. शाळा वाचवायची म्हणून मी एका पोरीला विटेसारखी वापरली ग."

दुसऱ्या दिवशी तिने लिहून दिलं. कोणावर ढकललं नाही, रीत आहे असंही म्हटलं नाही. मी केलं, मुलीचा दोष नाही, एवढंच. मला तिचा राग आला होता, अभिमानही वाटला. दोन्ही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "अभिमान राहू दे, आधी प्रवेश होऊ दे."

खालच्या मजल्याने एरवी सहा महिने घेतले असते, पण शाळा बंद करायचं काम त्यांनी आठवड्यात उरकलं. फळे, बाकं टेम्पोत गेली. मावशीला निलंबित केलं. आणि टिटवीच्या नावापुढचं 'नापास' खोडून 'पास' लिहिलं, ते मात्र चोख. तो कागद घेऊन आम्ही जिना चढलो. मावशीच्या अंगात त्या दिवशी कुठून बळ आलं होतं कोण जाणे, ती माझ्यापुढे दोन पायऱ्या होती.

वरच्या साहेबांनी कागद वाचला. अभिनंदन केलं. मग त्यांनीही कंप्युटरमध्ये नाव घातलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"शाळा कुठली म्हणालात?"

मावशीने सांगितली.

"ती आता यादीत नाही. बंद झाली ना. जोडशाळेतली जागा असते ती चालू शाळेतून आलेल्या मुलांना. नसलेल्या शाळेला मी कुठली शाळा जोडणार?"

"ती बंद कशामुळे झाली ते तुमच्या हातातल्या कागदातच लिहिलंय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"खरं आहे हो. पण बंद तर झालीच ना."

"मग तिला पलीकडच्या शाळेतून आलेली दाखवा."

"ती तिथे कधी शिकली? पुन्हा खोटंच लिहायचं का?" त्यांनी मावशीकडे पाहिलं, आणि तो दृष्टिक्षेप मी विसरणार नाही. "पलीकडच्या शाळेत एक वर्ष चौथी करेल का? पण वय... नाही. वयही बसत नाही. कामशाळेला वयाची अट नाही. तिथे आज घेतील."

तेल गेलं, तूप गेलं, आणि हाती धुपाटणंही उरलं नाही. कोणी वाईट वागलं नव्हतं. दोन्ही साहेबांनी आपापला नियम पाळला होता. मी आजवर पुष्कळ नालायक माणसं पाहिली, त्यांच्याशी भांडता येतं. त्या दिवशी भांडायला समोर माणूसच नव्हतं.

मावशीने बोलल्याप्रमाणे रोज सकाळी रस्त्यावर उभं राहून मुलांना पलीकडे नेलं. पहिल्यांदा बारा-तेरा होती, मग सात-आठ, मग ज्यांना घरी सांभाळायला कोणी नव्हतं तेवढीच. बाकीची वसाहतीतल्या बंद दारांसमोर गोट्या खेळायची. पुढे पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने तक्रार केली की निलंबित शिक्षिका मुलांबरोबर हिंडते, हे बरं दिसत नाही. तेव्हा तेही थांबलं.

टिटवी कामशाळेत गेली. मावशी तिला घरी जाऊन शिकवायला निघाली, पुस्तकं घेऊन. मीही बरोबर होते. टिटवीच्या आईने दार अर्धंच उघडलं.

"नको, बाई. पुरे झालं."

"ती हुशार आहे ग. मी बाहेरून दहावीला बसवते. अजून काही बिघडलं नाही."

"आधी म्हणालात पास. मग नापास. मग पुन्हा पास, आणि तरी घेतली नाही ती नाहीच. आता मला काय खरं मानायचं?" आई ओरडली नाही, थकलेल्या माणसासारखी बोलत होती. "पोरगी खरंच हुशार असती तर एवढ्या मोठ्या ऑफिसात एकाला तरी दिसलं असतं ना? तुमचा जीव आहे तिच्यावर, म्हणून तुम्हाला वाटतं. तिच्या डोक्यात आता भलतं काही भरवू नका. तिथे तिला काम तरी शिकवतात."

आतून टिटवीचा आवाज आला नाही. एरवी ती आईच्या आधी बोलायची. पुढे ते लोक वसाहत सोडून गेले, आणि कुठे गेले ते कळलं नाही.

मावशीची चौकशी लांबली, संपली, पण तिला परत शाळा मिळाली नाही. ती माझ्याकडे राहायला आली. दुपारी खिडकीशी बसायची. माझ्या वह्या तपासून द्यायची, चुकीच्या उत्तरावर कधी काट मारायची नाही, बाजूला छोटा ठिपका द्यायची. वरच्या मजल्याचे टोमणे बंद झाले. मी मुद्दाम भांडण काढून पाहिलं, पण तिने नुसती पुढची वही ओढून घेतली.

गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली आणि कमरेचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात बायकांच्या मोठ्या खोलीत तिला खाट मिळाली. सकाळी चादरी बदलायला धुलाईखात्याची एक तरुण बाई ढकलगाडी घेऊन आली. अंगाने भरलेली, हात साबणाने पांढरे पडलेले. तिने मावशीला एका कुशीवर वळवलं, चादर ओढली, आणि थबकली.

"मोठ्या बाई?"

आवाज टिटवीचा होता, पण खालच्या पट्टीत. मावशीने तिचा हात धरला तो सोडेना. तिची चौकशी केली, तिच्या आईची केली. आई वारली होती. ही कामशाळेतून थेट इथे लागली होती. लग्न ठरलं होतं.

मग तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईला मोठ्या कौतुकाने सांगितलं, "या माझ्या शाळेच्या बाई. फार जीव लावला हो यांनी मला. मी ढ होते, चौथीत दोन वर्षं काढली, तरी यांनी कधी हात उगारला नाही. उलट माझ्यासाठी ऑफिसात खेटे घातले, नोकरी घालवून बसल्या."

मावशी उठायला बघत होती. दुखण्याने तिचा चेहरा पिळवटला. "नाही ग. तू नापास नव्हतीस. ऐक माझं, मी तुला ठेवली होती. तू पास होतीस. पाचवीचं सगळं तू... ही सांगेल बघ, हिला विचार, ही गणिताची बाई आहे."

"खरं आहे," मी म्हटलं. "तू माझ्यापेक्षा भरभर सोडवायचीस."

टिटवीने माझ्याकडे पाहून डोळ्यांनी खूण केली. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला आपण एकमेकांना करतो तशी. मग तिने मावशीला अलगद निजवलं, नवी चादर चारी बाजूंनी खोचली आणि तिच्या कपाळावर हात ठेवला.

"असू द्या हो, बाई," ती म्हणाली. "तुम्ही काय कमी शिकवलंत? माझ्याच डोक्यात शिरलं नाही, त्यात तुमचा काय दोष? उगाच मनाला लावून घेऊ नका."